हुनर आमचा, सनद कुणाची?

नीटचा निकाल लागला की आमच्या शाळेत आठवडाभर पालकांची ये-जा सुरू असते. मी शिकवतो उर्दू आणि मराठी. वैद्यकीय प्रवेशाशी माझा काडीचाही संबंध नाही. पण मोहल्ल्यात एकदा 'सर' झालात की लग्नपत्रिकेच्या मजकुरापासून रेशनकार्डापर्यंत सगळे प्रश्न तुमच्याकडेच येतात. दोन वर्षांपूर्वी असाच एक रिक्षावाला बाप मुलाला घेऊन आला. "सर, नंबर नहीं लगा. अब इसका क्या करूँ?" मुलगा मान खाली घालून उभा होता. हा माझाच विद्यार्थी. अकरावी-बारावीची दोन्ही वर्षं तो सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर बोरगाव मंजूजवळ हायवेवरच्या चुलत्याच्या गॅरेजात, असं करत होता.

बाप चहा प्यायला बाहेर गेला तेव्हा मुलगा बोलला. मागच्या पावसाळ्यात गॅरेजसमोर एक दुचाकी घसरली. त्यानं आणि गॅरेजातल्या दुसऱ्या पोरानं जखमीला खांद्याला आणि पायांना धरून उचललं, मालाच्या टेम्पोत टाकलं आणि दवाखान्यात पोचवलं. माणूस वाचला, पण त्याचे पाय गेले. एका डॉक्टरनं मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "बेटा, मान आणि पाठ सरळ धरल्याशिवाय असा माणूस उचलायचा नसतो." पाय पडल्यामुळे गेले की उचलल्यामुळे, हे आता कुणीच सांगू शकत नाही. मुलगा नीटबद्दल एक शब्द बोलला नाही. त्यानं विचारलं, "सर, ये सिखाते कहाँ हैं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बीएड झालेला, वीस वर्षं शिकवणारा माणूस मी. डॉक्टर व्हायला कुठं जायचं, इंजिनिअर व्हायला कुठं जायचं, हे मला पाठ आहे. पण जखमी माणूस नीट उचलायला शिकवणारी जागा अकोल्यात किंवा अमरावतीत कुठं आहे, हे मी कधी शोधलंच नव्हतं. त्या प्रश्नामागं लागून मी जे वाचलं, आठवलं आणि जोडलं, ते इथं मांडतो.

मूर्तिजापूरचे मामू

सुरुवात घरातून करतो. माझे मामू मूर्तिजापुरात एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर होते. शाळा चौथीपर्यंत. मशीनचा आवाज ऐकून कोणत्या बेअरिंगमध्ये तेल संपलंय ते सांगायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं पुढं सौदीत जाऊन कमावती झाली. पण कारखान्याच्या कागदावर मामू शेवटपर्यंत 'हेल्पर'च राहिले. फिटर म्हणून सही करायला आयटीआयचा दाखला असलेला एक तरुण आला. स्वभावानं तो चांगला होता. अडलं की मामूंनाच विचारायचा. सही मात्र त्याची आणि पगारही त्याचा. मामू हसून म्हणायचे, "हुनर मेरा, सनद उसकी." त्या हसण्यामागचं दुःख मला फार उशिरा कळलं.

मामूंची गोष्ट एकट्याची नाही. वऱ्हाडात यंत्र आलं ते कापसामुळे. १८५३ मध्ये निजामाकडून हा मुलुख इंग्रजांच्या कारभारात गेला. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. मग गावोगावी सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारी आपली शकुंतला कापसासाठीच आली. १९२१ साली मँचेस्टरमध्ये तयार झालेलं वाफेचं इंजिन त्या रुळांवर १९९४ पर्यंत धावलं. ते इतकी वर्षं कुणी चालतं ठेवलं? फिटरांनी, खलाशांनी, लोहारांनी आणि फायरमननी. त्यांत सगळ्या जातीधर्मांची माणसं होती. आमच्या मोहल्ल्यांत तर 'मिस्त्री' हे आडनावासारखंच चिकटलं.

या लोकांचं शिक्षण उस्तादाकडे झालं. पोरगं आधी झाडू मारायचं, मग पाने उचलून द्यायचं, मग एक दिवस उस्ताद म्हणायचा, "चल, अब तू कस." ही पद्धत वाईट नव्हती. पण तिला एक भोक होतं. उस्ताद गेला की शिकल्याचा पुरावाही त्याच्याबरोबर जायचा.

आणि काळ पुराव्याचा आला होता. वाफेचे बॉयलर फुटून माणसं मरायची, म्हणून १९२३ मध्ये बॉयलरचा कायदा झाला. परीक्षा पास झालेल्या, प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीशिवाय बॉयलर चालवायचा नाही, असा नियम रूढ झाला. नियम योग्यच होता. जीव वाचवण्यासाठीच होता. पण ज्यांनी तोपर्यंत बॉयलर चालवले होते, त्यांतल्या किती जणांना परीक्षेचा अर्ज भरता येत होता? जो धंदा आपण अंगमेहनतीनं उभा केला, त्याला कागद आल्यावर आपणच दाराबाहेर उभे राहतो. ही पहिली वेळ होती. शेवटची नव्हती.

शाळा खालून सुरू झाली, वर गेली

आज 'इंजिनिअरिंग' म्हटलं की चार वर्षांची पदवी डोळ्यांसमोर येते. पण या देशातलं अभियांत्रिकी शिक्षण पदवीनं सुरू झालेलं नाही. रुरकीचं कॉलेज १८४७ चं. आपल्या महाराष्ट्रात १८५४ मध्ये पुण्यात जे सुरू झालं, त्याचं नावच 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' असं होतं. रस्ते, कालवे, पूल, इमारती यांवर देखरेख करणारे कनिष्ठ नोकर तयार करणं हा त्याचा हेतू होता. म्हणजे आजच्या भाषेत तो कौशल्याचा वर्ग होता. तोच वर्ग वाढत वाढत आजचं पुण्याचं नामांकित अभियांत्रिकी विद्यापीठ झाला.

वऱ्हाडात हे सगळं शंभर वर्षं उशिरा आलं. अमरावतीचं शासकीय तंत्रनिकेतन १९५५ चं, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चं. मग १९८३ साल उजाडलं. स्वतःचं फारसं शालेय शिक्षण न झालेल्या वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्या एकाच वर्षात बडनेरा, अकोला, शेगाव आणि पुसद इथं महाविद्यालयं निघाली. अमरावती विद्यापीठही त्याच वर्षीचं. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये स्थापन केलेल्या शिवाजी शिक्षण संस्थेनं १९८३ मध्ये अकोल्याजवळ बाभुळगावला अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं आणि १९८४ मध्ये अमरावतीत पंजाबरावांच्या नावानं वैद्यकीय महाविद्यालय. बहुजन समाजाच्या शेतकऱ्याचा मुलगा डॉक्टर, इंजिनिअर झाला, त्यामागं ही पन्नास वर्षांची बांधणी आहे. तिच्याबद्दल मला आदर आहे आणि थोडा हेवाही आहे.

हेवा का, तर त्या काळात आम्ही काय बांधत होतो, हा प्रश्न पडतो. आम्ही शाळा काढल्या, हे खरं. त्या उर्दू शाळांमुळेच मी आणि माझ्या पिढीतल्या शेकडो मुली शिकल्या. पण शाळेनंतर काय, याचं आमचं एकच ठरलेलं उत्तर होतं. मुलगी हुशार असेल तर डीएड, मुलगा हुशार असेल तर बीएड. मीही त्याच रांगेतून आलो. मास्तरकीच्या जागा संपल्या तेव्हा आमच्या मोहल्ल्यात दर तिसऱ्या घरात एक बेकार शिक्षक बसला होता. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानं देशभराचं चित्र मांडलं. नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागं जेमतेम १ मुसलमान. त्याच अहवालात हेही होतं की मुसलमान कामकरी मोठ्या प्रमाणात स्वतःच्या हातावर जगतो. कारागिरी, दुरुस्ती, वाहतूक, छोटी दुकानं. हाताला काम होतं, नोंद मात्र कुठंच नव्हती.

पण 'आमच्यात कुणी केलंच नाही' असं म्हणणंही खोटं ठरेल. १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. तिच्याच छत्राखाली १९३६ मध्ये भायखळ्याला साबू सिद्दीक तंत्रशाळा सुरू झाली. आधी तंत्रशाळा, मग पॉलिटेक्निक, मग १९८४ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय. क्रम बघा. आधी हात, मग डिप्लोमा, मग डिग्री. पुण्याच्या वर्गाचा प्रवासही असाच झाला. आम्ही वऱ्हाडात मात्र पहिल्या दोन पायऱ्या सोडून तिसरीवर उडी मारायला बघतो आणि पडलो की नशिबाला दोष देतो.

दूर कशाला, अमरावतीतच दुसरा नमुना आहे. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी एक आखाडा काढला. आखाड्यात उस्ताद असतो, शागीर्द असतो, मल्लखांब असतो. सनद नसते. या बंधूंनी आखाड्याचा अभ्यासक्रम केला. उन्हाळी वर्ग घेतले, शिकवणारे तयार केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ तिथं जाऊन आपले देशी खेळ दाखवून आला. पुढं शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय झालं आणि आज त्याच मंडळाचं अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. आखाडे आमच्याकडेही होते. मोहरमच्या मिरवणुकीत लाठी-बनेटी फिरवणारे उस्ताद मी लहानपणी पाहिलेत. निखळलेला खांदा ते एका झटक्यात बसवायचे. ते गेले आणि त्यांचं ज्ञानही गेलं. लिहून कुणी ठेवलं नाही, वर्ग कुणी घेतला नाही.

जर्राह आणि रुग्णवाहिका

खांदा बसवणाऱ्यावरून जर्राह हा शब्द आठवला. जखम धुणारा, गळू फोडणारा, हाड बसवणारा तो जर्राह. हकीम नाडी बघायचा, जर्राह रक्तात हात घालायचा. साहजिकच मान हकिमाला जास्त मिळायचा.

या विषयावर आमच्या जलशांत भाषण झालं की दोन नावं हमखास येतात. एक रुफैदा अल-अस्लमिया. खंदकच्या लढाईच्या वेळी मदिनेत मशिदीच्या आवारातल्या तंबूत त्या जखमींवर उपचार करायच्या. दुसरं नाव अंदलुसियाचे अबुल कासिम अल-झहरावी. हजार वर्षांपूर्वी त्यांनी तीस भागांचा वैद्यकाचा ग्रंथ लिहिला आणि त्याच्या शेवटच्या भागात शस्त्रक्रियेच्या हत्यारांची चित्रं काढून ठेवली. ही नावं खरी आहेत, अभिमान रास्त आहे. पण भाषण संपल्यावर टाळ्या वाजवून आम्ही घरी जातो. रुफैदांच्या तंबूची आठवण काढणाऱ्या सभेत कुणाला भोवळ आली तर त्याच्याभोवती पंचवीस माणसं गर्दी करतात, तोंडावर पाणी मारतात आणि कांदा शोधतात. झहरावींनी चित्रं काढली ती पुढच्या माणसाला शिकता यावं म्हणून. त्यांच्याकडून घ्यायचं असेल तर अभिमानासोबत तेवढं तरी घ्यावं.

आता वाचकांना थोडं लांब, अमेरिकेत नेतो. कारण गॅरेजातल्या त्या मुलाच्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर मला तिथं सापडलं.

पिट्सबर्ग हे पोलादाचं शहर. तिथं हिल डिस्ट्रिक्ट नावाची काळ्या लोकांची वस्ती होती. १९६० च्या दशकात तिथं कुणी आजारी पडलं तर पोलिसांची गाडी यायची. पोलीस माणसाला मागं टाकायचे आणि दवाखान्याकडे निघायचे. वाटेत उपचार नाही, जवळ बसायलाही कुणी नाही. आणि काळ्यांच्या वस्तीत गाडी किती तत्परतेनं येत असेल, ते सांगायला नको.

त्याच शहरात पीटर सफर नावाचे डॉक्टर होते. मूळचे ऑस्ट्रियाचे. बंद पडलेल्या माणसाला तोंडानं श्वास देऊन, छाती दाबून जगवण्याची जी पद्धत आज आपण सीपीआर म्हणून ऐकतो, ती घडवणाऱ्यांतलं हे मोठं नाव. १९६६ मध्ये त्यांची स्वतःची लहान मुलगी दम्याच्या झटक्यानं गेली. त्यानंतर दवाखान्याच्या बाहेर, रस्त्यावर उपचार कसे पोचतील, हाच त्यांचा ध्यास झाला. वस्तीत 'फ्रीडम हाऊस' नावाची एक संस्था गरिबांना भाजीपाला पोचवायची आणि तरुणांना काम द्यायची. फिल हॅलन नावाच्या एका समाजकार्यकर्त्यानं या दोघांची गाठ घालून दिली. १९६७ मध्ये वस्तीतल्या तरुणांची पहिली तुकडी निवडली गेली. अनेकांची शाळा अर्धवट सुटलेली, बहुतेक बेकार. शहर त्यांना निरुपयोगी समजत होतं.

सफर यांनी त्यांना सुमारे तीनशे तास शिकवलं. शरीररचना, श्वासमार्ग मोकळा करणं, रक्त थांबवणं, मोडलेलं अंग बांधणं, गाडी चालवणं. दवाखान्यात नेऊन प्रत्यक्ष रोगी दाखवले. १९६८ पासून त्यांच्या रुग्णवाहिका धावू लागल्या. पुढं डॉ. नॅन्सी कॅरोलाइन त्यांच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या. त्या स्वतः या लोकांबरोबर गाडीत फिरायच्या. त्यांच्या हातून जे पाठ्यपुस्तक लिहिलं गेलं, ते पुढं कित्येक पिढ्यांच्या पॅरामेडिकांनी वाचलं. अमेरिकेसाठी पॅरामेडिकचा राष्ट्रीय अभ्यासक्रम ठरत होता, तेव्हा तो याच पोरांवर आजमावून पाहिला गेला.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. १९७५ मध्ये शहरानं स्वतःची रुग्णवाहिका सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाऊस बंद झालं. त्यातल्या लोकांना नव्या सेवेत घेण्याचं आश्वासन होतं. प्रत्यक्षात नव्या परीक्षा आल्या, नव्या अटी आल्या आणि ज्यांनी हे काम शहराला शिकवलं होतं, त्यांना दुय्यम कामं मिळाली. बरेच जण गळाले. जॉन मून यांच्यासारखे थोडे चिकाटीनं टिकले आणि पुढं मोठ्या पदावर गेले. सेवा मोठी झाली, तिला कायदा आला, पदं आली, पगार आले. पाया घालणारे बहुतेक बाहेर राहिले.

हे वाचताना मला मूर्तिजापूरचे मामू दिसत होते.

अकोला-अमरावती, शंभर किलोमीटर

आता आपल्या रस्त्यावर येऊ. अकोला ते अमरावती हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर. या रस्त्याचं काम किती वर्षं रखडलं होतं, ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. मग जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून झाली आणि गिनीज बुकात नोंद लागली. त्याच वर्षी डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. १ जुलै २०२३ च्या पहाटे त्या महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटली आणि २५ माणसं जळून गेली. रस्ता विक्रमी वेळात होतो. रस्त्यावर पडलेल्या माणसाला उचलणारे हात तितक्या लवकर तयार होत नाहीत.

सरकारनं काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. ९३७ रुग्णवाहिका. त्यांतल्या २३३ अतिगंभीर रुग्णांसाठीच्या, बाकी ७०४ प्राथमिक उपचारांच्या. आपल्या राज्याचं वैशिष्ट्य असं की या गाड्यांवर डॉक्टर असतो. बहुतेक आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानीची पदवी घेतलेला. आमच्यातल्या कितीतरी बीयूएमएस मुलामुलींना पहिली नोकरी मिळाली ती या गाडीवर. ही चांगलीच गोष्ट आहे.

पण गाडीवर डॉक्टर आणि चालक अशी दोनच माणसं असली की मधला माणूस तयार होत नाही. डॉक्टरला पाच-साडेपाच वर्षं लागतात. चालकाला लायसन्स लागतं. या दोघांच्या मध्ये, वर्ष-दोन वर्षांत तयार होणारा, आपत्कालीन उपचाराचं शिक्षण घेतलेला तंत्रज्ञ आपल्याकडे फारसा दिसत नाही. आणि गाडी येईपर्यंतची वीस-पंचवीस मिनिटं त्या जखमीजवळ कोण असतं? गॅरेजवाला, पंक्चरवाला, ढाबेवाला, फळवाला. आपल्या हायवेवर या धंद्यांत कोण आहे, हे मी वेगळं सांगायला नको. पूर्वी ही मंडळी पोलिसांच्या भीतीनं हात लावायची नाहीत. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम कायम केले आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं ते संरक्षण कलम १३४-अ म्हणून कायद्यातच आलं. सद्भावनेनं मदत करणाऱ्याला आता कुणी गोवू शकत नाही. भीतीचं कारण कायद्यानं काढलं. कसं उचलायचं ते शिकवणं मात्र राहिलं.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. २०२१ मध्ये संसदेनं सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. एक्स-रे काढणारे, प्रयोगशाळेत काम करणारे, रुग्णवाहिकेवरचे तंत्रज्ञ अशा अनेकांना त्यात पहिल्यांदा ओळख मिळाली. सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान २००० तासांचा, दोन ते चार वर्षांचा डिप्लोमा किंवा पदवी हवी आणि नोंदणी हवी. नियम योग्यच आहे. १९२३ चा बॉयलरचाही योग्यच होता.

म्हणून सांगतो, दार मिटायला सुरुवात झाली आहे. आज अकोल्यातल्या, अमरावतीतल्या खाजगी दवाखान्यांत 'कंपाउंडर' म्हणून आमची शेकडो पोरं काम करतात. सलाईन लावतात, प्लास्टर बांधतात, ऑक्सिजन जोडतात. रुग्णवाहिका चालवता चालवता निम्मी डॉक्टरकी शिकलेले चालक इर्विन चौकात उभे असतात. पाच-दहा वर्षांनी प्रत्येक जागेवर नोंदणी क्रमांक विचारला जाईल. तेव्हा ही पोरं चाळिशीत असतील, हात सराईत असतील आणि कागदावर ती 'हेल्पर' असतील. मामूंसारखीच.

मधली पायरी

उपाय काय? अमेरिकेत ज्याला 'कम्युनिटी कॉलेज' म्हणतात, त्याची कल्पना साधी आहे. वस्तीजवळचं कॉलेज, कमी फी, संध्याकाळचेही वर्ग, नोकरी करत करत शिकायची सोय, दोन वर्षांत हाताला काम आणि ज्याला पुढं शिकायचंय त्याला पदवीकडे जाणारी वाट. तिथं पॅरामेडिक आणि इंजिनिअरिंगचा तंत्रज्ञ एकाच इमारतीत शिकतात. आपल्याकडे पुदुच्चेरी विद्यापीठानं १९९५ मध्ये असं समुदाय महाविद्यालय सुरू केलं. २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानंही समुदाय महाविद्यालयांची योजना आणली. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, त्याचं विभागीय केंद्र अमरावतीत आहे. आयटीआय आहेत, त्यांची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची. अनुभवावर हात तयार झालेल्यांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही सरकारी कौशल्य योजनेत आहे. म्हणजे पायऱ्या अगदीच नाहीत असं नाही. सुट्या सुट्या पडल्या आहेत. त्यांचा जिना कुणी केलेला नाही.

आणि तो आपल्यासाठी दुसऱ्या कुणी करून द्यावा, अशी वाट मी आता बघत नाही. आमच्या उर्दू शाळांच्या इमारती दुपारनंतर रिकाम्या असतात. शादीखाने वर्षातले निम्मे दिवस बंद असतात. जमातीत निवृत्त परिचारिका आहेत, १०८ वर काम केलेले युनानी डॉक्टर आहेत, पॉलिटेक्निकचे माजी विद्यार्थी आहेत. जकात आणि सदक्याचा पैसा दर रमजानला निघतो. शिष्यवृत्ती देताना आम्ही एमबीबीएसच्या मुलाचा फोटो छापतो. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनला किंवा आपत्कालीन तंत्रज्ञाचा कोर्स करणाऱ्या मुलीला स्टेजवर बोलावल्याचं मला आठवत नाही. दोष फक्त सरकारचा नाही, आमच्या नजरेचाही आहे. हकिमाला मान आणि जर्राहाला काम, ही जुनी उतरंड आम्ही अजून मोडलेली नाही.

मुलींचा उल्लेख मुद्दाम केला. अकोल्याच्या लेडी हार्डिंगमध्ये किंवा अमरावतीच्या डफरीनमध्ये रात्री बाळंतीण घेऊन गेलेल्या कुठल्याही घराला विचारा, गाडीत सोबत शिकलेली बाई असती तर किती धीर आला असता. 'बायकांसाठी बाईच हवी' असं म्हणणाऱ्या आमच्या समाजानं खरं तर या कामात मुली सगळ्यात आधी पाठवायला हव्या होत्या. रुफैदांचं नाव घेणाऱ्यांना तर 'नको' म्हणायला जागाच नाही.

त्या मुलाचं सांगतो आणि थांबतो. नीटची दुसरी फेरी त्यानं मारली नाही. बापाला समजवायला मला चार संध्याकाळी लागल्या. आता तो आपत्कालीन उपचारांचा डिप्लोमा करतोय, सुट्टीत गॅरेजही बघतोय. अडचण वेगळीच आली. पुस्तक इंग्रजीत, शिकवणारे हिंदीत, याचं शिक्षण उर्दूत आणि रस्त्यावर पडलेला माणूस बोलणार वऱ्हाडीत. तेव्हा मी कामाला आलो. दर रविवारी तो पुस्तक आणतो आणि आम्ही दोघं मिळून सोप्या उर्दूत आणि सोप्या मराठीत एक वही तयार करतोय. जखमीच्या मानेला लावतात त्या पट्ट्याला काय म्हणायचं, यावर आमचा एक रविवार गेला. शब्दकोशात मला काही बरं सापडेना. शेवटी त्यानंच सांगितलं की गॅरेजवाली पोरं त्याला 'गळपट्टा' म्हणतात. वहीत तोच शब्द लिहिला.

वहीची चाळीस पानं झाली आहेत. मागच्या महिन्यात त्यानं बोरगाव मंजूच्या गॅरेजवाल्यांना आणि पंक्चरवाल्यांना जुम्याच्या नमाजनंतर गोळा केलं आणि एका पोराला जमिनीवर आडवं पाडून दाखवलं, मान कशी धरायची, चौघांनी एकदम कसं उचलायचं. अकरा जण होते. त्यातला एक त्या पावसाळ्यातल्या दिवशी त्याच्याबरोबर होता, पाय धरणारा. त्यानं सगळ्यांत जास्त वेळा करून पाहिलं.